वरून की खालून?

खंडेनवमीला आपण दारातली गाडी धुऊन पुसून तिला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. शेजारच्या कन्नड घरात त्याच दिवशी आयुधपूजा असते. हार तोच, लिंबू तेच, नाव तेवढं वेगळं. पण पूजा होते ती दर्शनी भागाची. गाडीच्या पोटात, अगदी तळाला, जे काळं तेल साठलेलं असतं त्याच्याकडं आपलं लक्ष नसतं. ते मेकॅनिकनं बघायचं आणि आपण बिलाकडं बघायचं, अशी कामाची वाटणी झालेली आहे.

या वाटणीत अलीकडं एक नवा प्रश्न आलाय. इंजिन ऑईल बदलायची जुनी रीत सगळ्यांना माहीत आहे. गाडी रॅम्पवर चढवायची किंवा खड्ड्यावर उभी करायची, चेंबरच्या खालचा नट सोडायचा आणि तेल डब्यात पडू द्यायचं. नवी रीत अशी, की बॉनेट उघडायचं, डिपस्टिक काढायची, त्या नळीतून एक बारीक पाईप खाली सोडायचा आणि पंपानं तेल वर ओढून घ्यायचं. गाडीखाली जाणं नाही, कपडे खराब होणं नाही. घरी येऊन सर्व्हिसिंग करून देणाऱ्यांना ही सोयीची वाटते यात नवल नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये यावरून सरळ दोन तट पडले. ‘केळगिंदाने बरबेकु’, म्हणजे तेल खालूनच आलं पाहिजे, हा एक पक्ष. वरून ओढलं तर गाळ तळाशी तसाच राहतो, हे त्यांचं म्हणणं. दुसरा पक्ष म्हणतो, उसाचा रस नळीनं प्यायला काय आणि पेला तोंडाला लावला काय, रस पोटातच जातो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे. म्हणून जरा खोलात जाऊ.

आधी तेलाचं काम काय ते बघू. ते फक्त वंगण नाही. ते आतली उष्णता वाहून नेतं, जळणातून आलेली काजळी आणि धातूचा बारीक कीस स्वतःत धरून ठेवतं. म्हणून तर ते काळं होतं. डिझेल गाडीत नवं तेल थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चांगल्या तेलात घाण तरंगत राहावी अशीच द्रव्यं मिसळलेली असतात. इंजिन गरम असताना तेल काढलं तर त्यातली बरीचशी घाण तेलाबरोबर बाहेर येते, मग वाट वरची असो की खालची. उलट तेल वर्षानुवर्षं न बदलता डांबरासारखा थर बसला असेल, तर तो नट उघडूनही खाली पडत नाही आणि पंपालाही दाद देत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कुठल्याही रीतीनं सगळं तेल कधीच निघत नाही. थोडं वरच्या वाटांत, थोडं फिल्टरमध्ये राहतंच. समजा, तीन लिटरच्या इंजिनात तीनशे मिलिलिटर जुनं तेल राहिलं. म्हणजे नव्या भरणीत दहा टक्के जुनं. पुढच्या वेळी या दहा टक्क्यांतला दहावा हिस्सा, म्हणजे एक टक्का, उरेल. त्यापुढच्या वेळी त्याचाही दहावा. कर्जाच्या चक्रवाढ व्याजासारखं हे वाढत जात नाही, आटत जातं. तेव्हा चमचाभर तेल राहिलं म्हणून झोप उडवून घेऊ नये.

पण तीनशे मिलिलिटरऐवजी लिटरभर राहिलं तर? इथं खरी गोम आहे. पाईप तळापर्यंत पोचतो की नाही, हे त्या त्या इंजिनाच्या रचनेवर असतं. काही गाड्यांत डिपस्टिकची नळी सरळ खोलगट भागात उतरते. काहींत ती अर्ध्यावर थांबते, चेंबरमधली आडवी पत्री वाटेत येते किंवा पाईप वळून वर येतो. पंप हवा ओढू लागतो, माणसाला वाटतं संपलं. मग तो पुस्तकात लिहिलेलं पूर्ण माप नवं तेल ओततो. जुनं एक लिटर आणि वर पूर्ण भरणी. पातळी इतकी चढली की फिरणारा क्रँकशाफ्ट तेल घुसळायला लागतो, रवीनं ताक घुसळावं तसा. फेस होतो, आणि फेसाळलेलं तेल बेअरिंगला नीट वंगण देत नाही. दाब वाढून सीलमधून गळतीही सुरू होते. तेल कमी पडण्याइतकंच ते जास्त होणंही वाईट, हे पुष्कळांच्या गावी नसतं.

याच्या उलट, पंप हीच योग्य रीत असलेली इंजिनंही आहेत. मोटरबोटींच्या इंजिनाखाली पाना घालायला जागाच नसते, तिथं तेल वरूनच काढतात. युरोपात 1998 साली आलेल्या पहिल्या स्मार्ट मोटारीला तर खालचा नटच दिलेला नव्हता. काही जर्मन गाड्यांत फिल्टरही वरच्या बाजूला असतो, त्यामुळं सगळं काम बॉनेट उघडून होतं. आपल्या रस्त्यावरच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत मात्र फिल्टर खालून किंवा बाजूनं काढावा लागतो. तेल वरून ओढायचं आणि फिल्टरसाठी गाडीखाली जायचंच, तर वाचलं काय? आणि घाईत फिल्टर जुनाच राहिला तर नवं तेल पहिल्या दिवसापासून जुन्या गाळणीतून फिरणार.

खालच्या रीतीचेही दोष आहेत. उद्यमबागेत ज्यांची हयात गेली त्यांना हे सांगायला नको. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरमधला नट कुणी अंगातला जोर काढून आवळला की आटे जातात. मग थेंब थेंब गळती, नाहीतर चेंबरच बदलायचा खर्च. दर वेळी नवा वॉशर टाकणं आणि ठरल्या जोरानंच नट आवळणं, या दोन गोष्टी पाळल्या तर हे टळतं. घरी हे काम करणाऱ्यांनी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. तेलापायी जीव धोक्यात घालायचं कारण नाही. ज्यांच्याकडं नीट स्टँड नाहीत किंवा ज्यांची कंबर साथ देत नाही, त्यांना पंप बरा.

मात्र एका प्रसंगी खालचा नट उघडायलाच हवा. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, मलप्रभा, घटप्रभेच्या पुरानं आपल्या जिल्ह्यात हाहाकार केला तेव्हा कितीतरी वाहनं पाण्यात उभी राहिली. अशी गाडी चावी फिरवून सुरू करून बघायचा मोह आवरावा. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते तेलापेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि नट सोडताच आधी बाहेर येतं. पंपाचा पाईप दोन बोटं वर राहिला तर नेमकं तेच आत राहील. पूर नसतानाही तेल दुधाळ चहासारखं दिसलं, तर पाणी किंवा कूलंट मिसळल्याची शंका घ्यावी. नटाच्या टोकाला धातूचे चमकदार कण दिसणं, खालच्या बाजूला ओल असणं, हेही गाडीखाली गेलं तरच कळतं. म्हणून ज्यांना पंप आवडतो त्यांनी निदान दोन-तीन खेपांनी एकदा तेल खालून काढून घ्यावं.

थोडक्यात, वरून की खालून यापेक्षा किती निघालं, हा प्रश्न मोठा. ‘तळ’ हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच आहे, तेव्हा मेकॅनिकला कुठल्याही भाषेत विचारा, तळापर्यंत पोचलात का? इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून तेल कोमट-गरम करा, उकळतं नको. गाडी सपाट जागी असू द्या. काढलेलं तेल मापाच्या डब्यात घ्या आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा. छोट्या पेट्रोल गाड्यांत ते साधारण तीन लिटरच्या आसपास असतं, मोठ्या डिझेल गाड्यांत सहाच्या पुढंही जातं. फार तफावत दिसली तर नट उघडायला सांगा. नवं तेल थोडं कमीच ओता, इंजिन जरा वेळ चालवून बंद करा, काही मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघून उरलेलं घाला. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी, वरच्या खुणेच्या वर कधीच नको.

राहिला प्रश्न त्या काळ्या तेलाचा. आपल्याकडं ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात आणि उरलेलं गटारात ओततात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबानं एका गाडीच्या एका वेळच्या तेलानं दहा लाख गॅलन गोडं पाणी नासू शकतं. आपल्या गटाराचं पाणी बळ्ळारी नाल्यानं शहापूर-वडगावच्या शिवारापर्यंत पोचतं आणि तिथं भात पिकतो. आपल्या कायद्यानं जुनं तेल हा घातक कचरा आहे. ते गोळा करून पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. आपल्या हाती एवढंच की जुनं तेल झाकणाच्या डब्यात भरावं, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू नये, आणि नोंदणी असलेल्या खरेदीदाराला ते देणाऱ्या गॅरेजमध्येच पोचवावं.

पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी नुसती सोडून येऊ नका. दहा मिनिटं तिथं उभे राहा आणि डब्यातलं तेल स्वतः मोजून बघा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनाही बरोबर न्या. उद्या गाडी तेच चालवणार आहेत.