शिवणीच्या लाकडाला घरात घ्या

जड लाकूड तेच चांगलं, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की वखारीत गेलेलं गिऱ्हाईक आधी फळी उचलून बघतं आणि हाताला ओढ बसली की खूश होतं. मी उज्जैनला नानाखेड्यात राहते. गेल्या हिवाळ्यात घरी शिवणीच्या लाकडाची पेटी करून घेतली, तेव्हा ज्याला त्याला मला सागाकडे नाहीतर तयार बोर्डाकडे वळवायचं होतं. वखारवाला, शेजारी, नात्यातली माणसं, सगळ्यांचं एकच म्हणणं: हलकं लाकूड टिकत नाही. हे म्हणणं चुकीचं आहे, आणि त्यापायी आपण एक चांगलं लाकूड खोक्यांत आणि लगद्यात घालवतो आहोत.

पेटी हवी होती कापडांसाठी. सासूबाईंची लुगडी, आईच्या पैठण्या, माहेश्वरी साड्या, भैरवगढच्या छापाच्या चादरी, थंडी सरली की गोधड्या आणि शाली. पूर्वी लोखंडी ट्रंक होती. तिच्या तळाला गंज धरायचा आणि त्याचे डाग घड्यांवर उतरायचे. मग बोर्डाचा दिवाण आला. पावसाळ्यात त्याच्या कडा फुगल्या, आणि बिजागरीचे स्क्रू एकदा निघाले ते पुन्हा घट्ट बसलेच नाहीत.

आता वजनाचा हिशेब बघा. चार फूट लांब, पावणेदोन फूट रुंद आणि तेवढीच उंच पेटी पाऊण इंची फळीत केली तर दोन घनफुटांहून थोडं जास्त लाकूड लागतं. सागाचं वजन घनमीटरला साधारण 650 किलो, पार्टिकल बोर्डाचं 700च्या आसपास, शिवणीचं 480च्या आसपास. म्हणजे तीच पेटी सागात 39 किलोंची, बोर्डात 42 किलोंची आणि शिवणीत 29 किलोंची होते. ज्याला आपण स्वस्त आणि सुटसुटीत समजतो तो बोर्ड तिघांत सगळ्यात जड! साठी ओलांडलेल्या बाईला खालची फरशी पुसायला पेटी एका टोकाने उचलून सरकवता येते की नाही, यावर घरातला रोजचा व्यवहार ठरतो. भाड्याच्या घरांतून वर्षा-दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्यांना तर हे वेगळं सांगायलाच नको.

जपानी लोकांनी हे फार आधी ओळखलं. त्यांचं किरी हे लाकूड शिवणीपेक्षाही हलकं, घनमीटरला 300 किलोंच्या आसपास. किमोनो ठेवायची कपाटं आणि पेट्या त्याच्याच करायच्या. निइगातातलं कामो आणि साइतामातलं कासुकाबे ही गावं त्या कामासाठी नावाजलेली आहेत. मुलगी झाली की दारात किरीचं झाड लावायचं आणि तिच्या लग्नात त्याचं कपाट द्यायचं, अशी चाल तिकडे सांगतात. किरीची पानं-फुलं जपान सरकारच्या चिन्हात आहेत, 500 येनच्या नाण्यावरही आहेत. आपल्याकडे सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून आली, मध्य प्रदेशातल्या बुधनीची दुधीतून. खेळण्यांपर्यंत हलकं लाकूड आपल्याला चालतं, पेटीचं नाव काढलं की नाकं मुरडतात.

शिवण काही परकी नाही. दशमुळांतली ती एक, वैद्य तिला गंभारी म्हणतात, इकडे मध्य प्रदेशात ती खमेर. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं झडलेल्या फांद्यांवर पिवळी-तपकिरी फुलं येतात. पंधरा-वीस वर्षांत फळ्या निघण्याजोगं खोड होतं; सागाला याहून कितीतरी जास्त थांबावं लागतं. आणि मुख्य म्हणजे नीट वाळवलेली शिवण ऋतूंप्रमाणे फार कमी हलते, जवळजवळ सागाइतकीच कमी. ड्रॉइंग बोर्डांना आणि वाद्यांना ती वापरत आले ते यासाठीच. मे महिन्यात 42 अंशांत तापून जुलैत दमट होणाऱ्या उज्जैनमध्ये हा गुण मोलाचा आहे.

आमच्या मिस्त्रींनी ओंडका बघून पहिलं वाक्य म्हटलं, "दीदी, ये तो पेकिंग की लकड़ी है." पण कामाला हात घातल्यावर त्यांचा सूर बदलला. फळ्या आधीच सावलीत, मधे पट्ट्या देऊन रचून वाळवल्या होत्या, टोकांना भेगा पडू नयेत म्हणून रंग फासला होता. भुंगेरा लागू नये म्हणून ओल्या असतानाच बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यातून काढल्या होत्या. या लाकडाच्या रेषा कुठे कुठे उलट्या फिरतात. रंधा जरा बोथट असला की तंतू उचकटतात, म्हणून मिस्त्री घडीघडी पातं दगडावर घासत. धार लागली की फिकट पिवळी, रेशमी चकाकीची साल सलग निघायची. चारही कोपऱ्यांना दाते कापून एकमेकांत बसवले, खिळा एकही नाही. तळाची फळी खाचेत जरा सैल ठेवली, म्हणजे दमट हवेत तिला पसरायला जागा राहते. बाहेरून चपड्याचं पॉलिश, आतून लाकूड कोरंच.

उणिवा आहेतच. नखाने दाबलं तरी खूण उमटते. बाहेर पॉलिश चढण्याआधी मिस्त्रींनी असा एक खळगा मला काढून दाखवला: ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवली, वाफेने दबलेले तंतू फुगून आले आणि फळी सपाट झाली. बिजागरीला लांब स्क्रू लागतात. पलंगाच्या पायांना किंवा उन्हापावसातल्या दाराला मी शिवण सुचवणार नाही, तिथे सागच हवा. पण घरातलं निम्मं सामान ठेवण्यासाठी असतं, भार पेलण्यासाठी नाही. पेट्या, फडताळं, कपाटाचे खण यांना नर्मदापुरमचा साग कशाला लावायचा?

माझ्या पेटीच्या खर्चातला मोठा वाटा मजुरीचा होता, आणि तो पैसा घरापासून दोन गल्ल्यांवर राहिला. बोर्डाच्या दिवाणाचे पैसे कुठे गेले ते मला सांगता येणार नाही.

राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण 2014मध्ये आलं. बांधावर झाडं लावा, असं शेतकऱ्याला तेव्हापासून सांगितलं जातं. त्याने खमेर लावली, वाढवली, तर पुढे तिला खोक्यांचा आणि लगद्याचाच भाव मिळतो, कारण तिच्या फळ्या कापून वाळवून विकणारं मधे कोणी नाही. जबलपूरला उष्णकटिबंधीय वनांवर काम करणारी केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. वाळवण्याचं आणि कीड रोखण्याचं शास्त्र तिथून आरा मशीनवाल्यापर्यंत पोचलं पाहिजे. आयटीआयमधल्या मुलांना सनमायका चिकटवण्याबरोबर दाते कापायलाही शिकवलं पाहिजे. 2028च्या सिंहस्थासाठी उज्जैनमध्ये जी हॉटेलं आणि धर्मशाळा सजतील, त्यांनी खोलीखोलीतली पेटी-कपाटं या लाकडात करून घेतली तर पहिली मागणी तिथूनच उभी राहील. खमेरचं रोप रोपवाटिकेत आज मिळतं. तिची वाळवलेली फळी मात्र मला शहरातल्या एकाही वखारीत मिळाली नाही, ओंडका आणून ती घरीच तयार करावी लागली. ती वखारीत मिळायला हवी.