आवळा देऊन कोहळा : तुवालूशी झालेल्या ‘शेजारधर्म’ कराराचा अर्थ

नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशांत महासागरातील कुक बेटांवर ऑस्ट्रेलिया व तुवालू यांच्या पंतप्रधानांनी एका करारावर सह्या केल्या. कराराला तुवालूच्याच भाषेतील ‘फालेपिली’ हे नाव देण्यात आले. त्याचा अर्थ शेजारधर्म. २८ ऑगस्ट २०२४ रोजी करार अमलात आला. त्यानुसार, समुद्राच्या पोटात जाऊ लागलेल्या या देशातील २८० नागरिकांना दर वर्षी ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. श्रीमंत राष्ट्राच्या औदार्याचा नमुना म्हणून या तरतुदीचे पोवाडे गायले गेले. कराराच्या चौथ्या कलमाबद्दल मात्र हे शाहीर मूग गिळून बसले.

चौथे कलम सुरक्षेचे आहे. मोठी नैसर्गिक आपत्ती, साथीचा रोग किंवा परकीय आक्रमण ओढवल्यास तुवालूच्या विनंतीवरून ऑस्ट्रेलिया मदतीला येईल, हा त्याचा पूर्वार्ध. उत्तरार्ध असा की, सुरक्षा व संरक्षणाच्या बाबतीत तुवालूला अन्य कोणत्याही राष्ट्राशी वा संस्थेशी व्यवहार करावयाचा झाल्यास त्याला ऑस्ट्रेलियाची संमती लागेल. ‘सुरक्षा’ या शब्दात काय काय कोंबले आहे? पोलीस, सीमारक्षण, सायबर सुरक्षा, बंदरे, दूरसंचार, ऊर्जाव्यवस्था! असे बंधन ऑस्ट्रेलियाने स्वतःवर घालून घेतलेले नाही. एका स्वतंत्र राष्ट्राच्या धोरणावर दुसऱ्याने मिळवलेला हा नकाराधिकार आहे. २८० परवान्यांचा आवळा देऊन सार्वभौमत्वाचा कोहळा काढण्याचा हा व्यवहार आहे.

बेटांना असले उपकार नवे नाहीत. १८६३ मध्ये पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी नुकुलाएलाए व फुनाफुटी येथील माणसे फसवून जहाजांत भरून नेली. पुढे ब्रिटिशांनी संरक्षणाच्या नावाखाली या बेटांवर आपला झेंडा रोवला, आणि १ ऑक्टोबर १९७८ रोजी तुवालू स्वतंत्र होईपर्यंत तो फडकत राहिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने फुनाफुटीवर धावपट्टी बांधली, ती बेटाचीच प्रवाळभूमी उकरून. ते खड्डे सुमारे सत्तर वर्षे खारे पाणी व कचरा यांनी भरून राहिले. ते बुजवण्यास २०१५ साल उजाडावे लागले.

पाणी वाढवतो कोण?

तुवालूची भूमी २६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे अकरा हजार आणि भूमीची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर. गेल्या तीस वर्षांत तेथील समुद्र सुमारे १५ सेंटिमीटर वर चढला आहे. पुलाका हा अळूच्या जातीचा कंद तेथे खोल खड्डे खणून गोड्या पाण्याच्या थरावर पिकवला जातो. त्या खड्ड्यांत आता खारे पाणी झिरपते. २०११ मध्ये पावसाने दगा दिला तेव्हा पिण्याच्या पाण्यासाठी आणीबाणी पुकारावी लागली. जगाच्या कर्बवायू-उत्सर्जनात या देशाचा वाटा एक शतांश टक्काही नाही.

आणि शेजारधर्म सांगणारा शेजारी कोण? कोळसा आणि द्रवरूप नैसर्गिक वायू यांच्या जगातील सर्वांत मोठ्या निर्यातदारांपैकी एक! ऑगस्ट २०१९ मध्ये प्रशांत बेटराष्ट्रांच्या मंचाची परिषद फुनाफुटी येथे भरली. यजमान पंतप्रधान एनेले सोपोआगा व इतर बेटराष्ट्रांनी कोळशाला रजा देण्याचा आग्रह धरला. ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी तो अंतिम निवेदनात बोथट करवून घेतला. त्याच सुमारास त्यांचे उपपंतप्रधान मायकेल मॅकॉर्मॅक बोलून गेले की, बेटांवरचे लोक तगून राहतील, कारण त्यांचे मजूर ऑस्ट्रेलियात येऊन फळे तोडतात. पुढे त्यांनी माफी मागितली खरी. परंतु पोटातले ओठांवर येऊन गेले होते. देश बुडाला तरी चालेल, स्वस्त मजूर मिळाल्याशी कारण!

त्या परिषदेच्या दोनच महिने आधी क्वीन्सलँडमधील कारमायकेल कोळसाखाणीला काम सुरू करण्यासाठी लागणारी शेवटची महत्त्वाची परवानगी मिळाली होती. ही खाण अदानी समूहाची. २०२१ च्या अखेरीपासून तिचा कोळसा परदेशी जाऊ लागला. तेव्हा तुवालूचा प्रश्न हा दूर देशीचा प्रश्न आहे, असे भारतातील कष्टकऱ्यांनी मानण्याचे कारण नाही. जे भांडवल येथे आदिवासींच्या जंगलाखालचा कोळसा मागते, तेच तेथे समुद्राला वर चढवते.

‘त्यांनीच तर मागितले!’

कराराचे समर्थक म्हणतात की, तुवालूच्या सरकारनेच तो मागितला आणि समुद्र वाढला तरी तुवालूचे राष्ट्रत्व अबाधित राहील हे त्यात मान्य झाले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु पुरात सापडलेला माणूस दोर मागतो, म्हणून दोर विकणाराने लावलेला भाव न्याय्य ठरत नाही. राष्ट्रत्व ही तर ऑस्ट्रेलियाची देणगी नव्हेच. भूमी गेली तरी राष्ट्र टिकेल, हे तुवालूने २०२३ मध्ये स्वतःच्या राज्यघटनेत लिहिले. राष्ट्राचा एखादा घटक नाहीसा झाल्याने राष्ट्रत्व संपतेच असे नाही, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही २०२५ मध्ये सांगितले.

२०२५ च्या जून-जुलैमध्ये परवान्यांच्या पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीयांसह साडेआठ हजारांहून अधिक नावे नोंदली गेली. म्हणजे देशाची सुमारे चार पंचमांश माणसे. यातून देश सोडण्याचा कौल वाचणे ही लबाडी आहे. परवानाधारकाला मायदेशी ये-जा करण्याची मोकळीक आहे. शिक्षण, उपचार व रोजगार यांची ती एक वाट आहे. ती वाट कोणी बंद करू नये. आक्षेप परवान्याला नाही, त्याच्या किमतीला आहे.

जागेवर पाय रोवून राहण्याची तुवालूची योजना तयार आहे. हरित हवामान निधीच्या पैशातून फुनाफुटीत भराव घालून ७.३ हेक्टर उंच भूमी तयार झाली. २०२२ च्या दीर्घ पल्ल्याच्या आराखड्यात त्याच्या जवळजवळ पन्नासपट, ३.६ चौरस किलोमीटर भूमी उभारण्याचा संकल्प आहे. करारासोबत ऑस्ट्रेलियाने किनारारक्षणासाठी जाहीर केलेली रक्कम सुमारे १ कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. दात कोरून पोट भरण्याचाच हा प्रकार!

वानुआतूने दुसरा मार्ग दाखवला आहे. २०१९ मध्ये प्रशांत बेटांवरील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली मोहीम त्या छोट्या देशाने संयुक्त राष्ट्रसंघात नेली. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने निर्वाळा दिला की, हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि खनिज इंधनांचे उत्पादन, त्यांच्या उत्खननाचे परवाने व त्यांना दिलेली अनुदाने हीदेखील त्या कर्तव्याचा भंग ठरू शकतात. या मताला दोन महिनेही उलटले नाहीत तोच, सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने ‘नॉर्थ वेस्ट शेल्फ’ हा प्रचंड वायुप्रकल्प २०७० पर्यंत चालवण्यास अंतिम मंजुरी दिली. शेजारधर्माची याहून क्रूर थट्टा कोणती?

तुवालूला दया नको आहे, भरपाई हवी आहे. शेजारधर्म पाळावयाचाच असेल तर ऑस्ट्रेलियाने नव्या खाणी व वायुप्रकल्प थांबवावेत, बेटे उंचावण्याचा खर्च ऋण म्हणून नव्हे तर देणे म्हणून चुकता करावा, आणि चौथ्या कलमातील संमतीची अट रद्द करावी. परवाने त्यानंतरही द्यावेत, पण विनाअट. घराला आग लावणाऱ्याने शिडी पुढे करून घराच्या किल्ल्या मागाव्यात, याला जगातील कोणत्याही भाषेत शेजारधर्म म्हणत नाहीत.