थोरलीचे दप्तर

कुटुंब मोठे असावे की लहान, हा विषय निघाला की दोनच आवाज ऐकू येतात. एक बाहेरून येतो. तो म्हणतो, या लोकांना मुद्दाम पोरे वाढवायची आहेत. दुसरा आतून येतो. तो म्हणतो, देणारा अल्लाह आहे, मोजणारे तुम्ही कोण? दोन्ही आवाज मोठे आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या जिवावर जगतात. या गदारोळात ज्या व्यक्तीला बोलण्याचा सर्वांत जास्त हक्क आहे, तिला कोणी विचारीत नाही. ती व्यक्ती म्हणजे घरातली थोरली मुलगी. आम्ही पारनेर तालुक्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. हजेरीपट रोज आमच्या हातात असतो. तेवढ्या अधिकाराने हे लिहीत आहोत.

प्रथम बाहेरच्या आवाजाचा हिशेब पुरा करू. ‘हम पाँच, हमारे पच्चीस’ ही घोषणा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती देणाऱ्यांनी सरकारचेच आकडे वाचावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 1992-93 मध्ये देशात एका मुस्लिम स्त्रीमागे सरासरी 4.4 मुले होती, हिंदू स्त्रीमागे 3.3. 2019-21 च्या सर्वेक्षणात हे आकडे 2.4 आणि 1.9 असे झाले. म्हणजे दोन्ही समाजांत मुले कमी झाली, आपल्यात जास्त वेगाने झाली आणि दोहोंतले अंतर निम्म्याहून खाली आले. त्याच सर्वेक्षणात मुस्लिमबहुल जम्मू-काश्मीरचा दर 1.4 आहे आणि बिहारचा जवळपास 3. मुले किती होणार हे जर धर्म ठरवीत असता, तर हे आकडे उलटे आले असते. ते ठरते आईच्या शिक्षणावर, घरातील मिळकतीवर, जवळच्या दवाखान्यावर आणि जन्मलेले मूल जगेल या भरवशावर.

इथे टाळी वाजवून उठणे सोपे आहे. आपले अनेक वक्ते इथेच उठतात. पण बंधूंनो, विरोधकाचा आरोप खोटा ठरला म्हणून आपले घर ठीक आहे, असे होत नाही. सरासरी कमी झाली, तरी ज्या घरात आजही सहा-सात लेकरे आहेत, त्या घराला सरासरीचा काय उपयोग? आमच्या हजेरीपटात सरासरी येत नाही, लेकरे येतात.

मोठ्या कुटुंबाचे गुण नाकारण्याचा खोटेपणा आम्ही करणार नाही. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. जिरायत जमीन, बाजरी-ज्वारी, ते पीक हाती आले तर आले. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला आणि तलावाच्या मातीकामाला जितके हात गेले, तितकी मजुरी घरात आली. लेकरे दगावत, म्हणून चार जास्त असलेली बरी असे आपल्या आजी-आजोबांना वाटे. त्यात अडाणीपणा नव्हता, अनुभव होता. एक भाऊ मुंबईला, एक बाजारात बांगड्यांच्या गाडीवर, एक शेतावर, अशी घरे तरली. म्हातारपणी पेन्शन नसलेल्या माणसाला मुलगा हीच पेन्शन. आणि दंगलीच्या बातम्या ऐकून झोपणाऱ्या समाजाला घरात माणसे जास्त असली की धीर वाटतो, हेही खरे. सहा भावंडांत वाढलेले मूल वाटून खायला शिकते, हे तर आम्ही डब्याच्या सुट्टीत रोज पाहतो.

पण हे सगळे गुण ज्या काळाचे होते, तो काळ गेला. आज सुप्याच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर घरात हात किती आहेत हे कोणी विचारीत नाही. आयटीआयचा दाखला विचारतात. जमीन भावाभावांत वाटून गुंठ्यांवर आली. पूर्वी मूल आठव्या वर्षी कमावते होई. आज त्याला अठरा-वीस वर्षे शिकवावे लागते. फायदा आटला, खर्च वाढला. मग हा वाढलेला खर्च भरतो कोण?

बाप भरतो असे आपण समजतो. आम्हीही समजत होतो. एका घरातील मुलगी सहावीत वर्गात पहिली होती. सात भावंडांत थोरली. दिवाळीनंतर ती आठवड्यातून दोन दिवस येऊ लागली, मग जुम्म्याच्या आदल्या दिवशी तेवढी, मग बंद. आम्ही घरी गेलो. ती दारातच होती, कडेवर दहा महिन्यांचा भाऊ, हातात दुधाची बाटली. आई आत बाजेवर, आठव्या वेळची. आम्ही शाळेचे काढले तेव्हा आई खालच्या आवाजात म्हणाली, “सर, मैं क्या करूँ? छोटे को कौन संभालेगा?” बाप भला माणूस होता. त्याने चहा पाजला. म्हणाला, “सर, फी तर लागत नाही. शाळेला आमची ना नाही. पण घर कोण बघणार?”

फी लागत नाही हे खरे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मोफत केले आहे. पण मोठ्या कुटुंबाचा खर्च पैशांत भरला जातच नाही. तो वर्षांत भरला जातो, आणि ती वर्षे थोरलीची असतात. पाचव्या लेकराचे लंगोट, सहाव्याचा ताप, सातव्याची बाटली, हे सारे तिच्या दप्तरातून वजा होते. दप्तर खुंटीवर जाते. धाकटा भाऊ तेच उतरवून शाळेत आणतो. आम्ही त्या दप्तरावरचे जुने नाव वाचतो.

पुढचेही सांगतो. शाळा सुटली की मुलगी ‘घरात बसलेली’ होते, आणि घरात बसलेल्या मुलीच्या लग्नाची घाई होते. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास 22 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती, असे 2019-21 चे सर्वेक्षण सांगते. हा सर्व धर्मांचा मिळून आकडा आहे. त्यात आपण वेगळे नाही, पण सुटलेलेही नाही. त्याच सर्वेक्षणात देशातील शाळा न पाहिलेल्या स्त्रीमागे 2.8 मुले आहेत आणि बारावी व त्यापुढे शिकलेल्या स्त्रीमागे 1.8. चक्र इथे पूर्ण होते. थोरलीचे दप्तर हिरावून आपण तिला तिच्या आईचेच आयुष्य देतो.

आता आतल्या आवाजाकडे वळू. रिज्क देणारा अल्लाह आहे, यावर आमचाही ईमान आहे. दारिद्र्याच्या भीतीने औलाद मारू नका, हा कुरआनचा हुकूम ज्या लोकांना झाला, ते जन्मलेली लेकरे मारीत होते. त्याचा अर्थ ‘विचार करू नका’ असा कधी झाला? कुरआन उतरत होता त्या काळात सहाबी ‘अझल’ करीत, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून खबरदारी घेत, ही गोष्ट हजरत जाबिर यांच्या हवाल्याने हदीसच्या प्रमाण संग्रहांत नोंदलेली आहे. इमाम गझाली यांनी तर नऊशे वर्षांपूर्वी, फार लेकरांमुळे ओढवणाऱ्या तंगीची काळजी हे अझलचे एक रास्त कारण मानले. 1959 मध्ये अल-अझहरचे शेख महमूद शलतूत यांनी संततिनियमनाच्या बाजूने फतवा दिला. कायमच्या शस्त्रक्रियेला बहुतेक उलेमांचा आक्षेप आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण दोन मुलांत अंतर राखण्याला दीन आडवा येतो, असे जो सांगतो त्याने आधी गझाली वाचावेत. कुरआनने बाळाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचे सांगितले आहे. वर्षाला पाळणा हलवणाऱ्या घरात बाळाच्या त्या दोन वर्षांचे काय होते?

आणखी एक युक्तिवाद आम्ही शिकलेल्या मंडळींकडून ऐकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे चौदावे अपत्य होते. दोनवर थांबले असते तर? उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. त्या चौदांपैकी जगली थोडी, आणि हायस्कुलापर्यंत पोहोचले एकटे भीमराव. नोव्हेंबर 1938 मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने लोकांना द्याव्यात असा ठराव आला. तो मांडला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे, आपल्या नगर जिल्ह्यातून निवडून गेलेले पी. जे. रोहम यांनी, भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ठराव पडला. पण चौदाव्या अपत्याने स्वतः काय मागितले, ते विसरू नये. आपल्या इतिहासातलेही एक चौदावे बाळंतपण आठवावे. 1631 साली बुऱ्हाणपूरला मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात गेली. चौदांपैकी सातच लेकरे वाढली. बादशहाने ताजमहाल बांधला. आपल्या घरची बाई गेली तर साधी पक्की कबरही आपल्याला परवडत नाही.

मग सक्ती करावी काय? मुळीच नाही. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. 1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तिसऱ्या अपत्यानंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्या दोन वर्षांची भीती आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनातून अजून गेलेली नाही. दवाखान्यातली नर्स दारी आली की दार लोटले जाते, त्याचे एक मूळ तिथे आहे. पुढे 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेल्या माणसाला पंचायत निवडणुकीत अपात्र ठरवण्यात आले, 2005 च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तीच अट लागली. ज्या बाईला मुले किती याचा निर्णय घेण्याचा अधिकार घरात नाही, तिला सदस्यपदावरून काढून काय साधते? शिक्षा पुन्हा तिलाच.

आमच्याच तालुक्यात राळेगणसिद्धीची पंचसूत्री प्रसिद्ध आहे: नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. जिथे माणसांना कारण पटले, तिथे पाणी अडले आणि झाडे वाढली. सक्तीने घाबरलेला समाज एवढे करीत नाही, समजलेला करतो. पण नसबंदी हा शब्द उच्चारताना एक गोष्ट आम्ही पुरुषांनी ऐकून घ्यावी. 2019-21 मध्ये देशात कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रिया 37.9 टक्के होत्या आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर अवलंबून असलेली जोडपी 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असूनही हे असे आहे, आणि यात हिंदू-मुस्लिम असा भेद नाही. लेकरे आमची, मान आमचा, आणि टाके तिला! शस्त्रक्रिया शरीयतला मान्य नाही म्हणणाऱ्या पुरुषाला निरोध कोणत्या आयतीने मना केला आहे?

आम्ही किती लेकरे असावीत याचा आकडा सांगणार नाही. तो नवरा-बायकोने मिळून ठरवायचा आहे, आणि ‘मिळून’ या शब्दावर आमचा जोर आहे. आमची मागणी एवढीच आहे. पुढचे लेकरू हवे की नको हे ठरवताना थोरलीला समोर बसवा. तिच्या वह्या उघडा. येणारे लेकरू कोणाच्या कडेवर वाढणार, हे एकमेकांना विचारा. उत्तर ‘थोरलीच्या’ असे आले, तर तुम्ही रिज्कवर भरवसा ठेवलेला नाही, दहा-बारा वर्षांच्या पोरीवर ठेवलेला आहे.

मशिदीच्या कमिटीनेही ऐकावे. जुम्म्याच्या बयानात वर्षातून एकदा तरी मुलीच्या दहावीचा विषय यावा. मुलींना प्रेमाने वाढवणाऱ्याला रसूलुल्लाहची साथ लाभेल अशी खुशखबर हदीसमध्ये आहे. ती फक्त जलशात ऐकवण्यासाठी नाही. जमातच्या पैशांतून एखादी पाळणाघराची खोली निघाली, अंगणवाडीत धाकटी वेळेवर गेली, तर थोरली मोकळी होते. सातवीनंतर मराठी शाळेत जाणाऱ्या आमच्या मुलींना गणित आणि मराठी शिकवायला आम्ही शिक्षक संध्याकाळी तासभर बसायला तयार आहोत. निकाह ठरवताना काझीसाहेबांनी वयाचा दाखला पाहावा आणि अठरा पूर्ण नसतील तर सरळ परत पाठवावे.

बाहेरच्यांना आपली संख्या मोजू द्या. त्यांना उत्तर देण्याची खरी रीत मुले वाढवण्यात नाही आणि केवळ घटलेला दर दाखवण्यातही नाही. आपल्यातली प्रत्येक मुलगी दहावीच्या परीक्षेला बसलेली दिसली, की घोषणेचा अर्थ आपोआप संपेल. आणि समजा नाही संपला, तरी आपली मुलगी शिकलेली असेल. तेवढ्यासाठीही हे करण्यासारखे आहे.

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा आम्ही पुन्हा हजेरीपट उघडू. त्या मुलीचे नाव आम्ही अजून पटावरून काढलेले नाही.