इंग्रजीच्या वर्गात मराठीस मज्जाव

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जाऊ लागला, आणि पूर्वी पाचवीत हाती येणारे इंग्रजीचे पहिले पुस्तक चार वर्षे आधी मुलांच्या दप्तरात आले, तेव्हा या फेरबदलाचे स्वागत करणाऱ्यांनी आणि त्याविषयी चिंता वाहणाऱ्यांनीही बहुधा एक गोष्ट गृहीत धरली होती. ती ही की, अवधी वाढला म्हणजे विद्या वाढेलच. आज त्या निर्णयाला पाव शतक लोटले आहे. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले पदव्या घेऊन संसारास लागली. परंतु मराठी शाळेतून दहा वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या बाजाराविषयी किंवा यंदाच्या पावसाविषयी, गाईडातल्या तयार निबंधाची आठवण न काढता, स्वतःच्या मनाने पंधरा ओळी इंग्रजीत लिहाव्या, हा प्रसंग आजही विरळाच होय, आणि इंग्रजीचा कोणताही प्रामाणिक शिक्षक ही गोष्ट नाकारणार नाही.

या अपयशाचे खापर शिक्षकांच्या माथी फोडण्याचा शिरस्ता जुना आहे, आणि वर्गातील गर्दी, मुलांच्या हातातील मोबाईल, घरी इंग्रजी न बोलणारे आईबाप, ही कारणेही प्रत्येक चर्चेत ठरल्याप्रमाणे हजेरी लावतात. त्यांत तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या कारणाचा उच्चार क्वचितच होतो ते असे की, व्याकरण, लेखन आणि साहित्य ही इंग्रजीच्या अध्यापनाची तीन अंगे आपण एकमेकांपासून तोडली, तिन्ही अंगे मुलाला येत असलेल्या मराठीपासून तोडली, आणि या तिहींना एकत्र बांधणारा जो एक जुना अभ्यास होता, म्हणजे भाषांतराचा, त्याला मागासलेला ठरवून वर्गाबाहेर काढले. तो अभ्यास नव्या रूपाने पुन्हा बहाल करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम व्याकरणाची गोष्ट घेऊ. आजचे शालेय इंग्रजी व्याकरण हे मुख्यतः रूपांतराचे व्याकरण आहे. 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा, 'नो सूनर दॅन' वापरा, व्हॉइस बदला, डायरेक्टचे इनडायरेक्ट करा, शेपटाला क्वेश्चन टॅग लावा, अशा हुकमांची तामिली करता करता विद्यार्थी इतका तरबेज होतो की वाक्याचा अर्थ न कळताही त्याचे उत्तर बरोबर येते, आणि गुणपत्रिकेवर व्याकरण आले अशी नोंद होते. ज्याला आपले म्हणणे कर्तरीत मांडावे की कर्मणीत, एका वाक्यात सांगावे की दोन, हे ठरविण्याचा प्रसंगच कधी आला नाही, त्याला व्याकरण आले असे म्हणणे म्हणजे फिर्याद ऐकल्यावाचून निवाडा देणे होय.

याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, त्याच मुलाला मराठीच्या तासाला दुसरे एक व्याकरण शिकविले जाते, आणि या दोन व्याकरणांची गाठ कोणीच घालून देत नाही. 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणून तो कर्मणी प्रयोग, असे मराठीचे गुरुजी सकाळी सांगतात. 'राम एट अ मँगो' हे वाक्य अॅक्टिव्ह व्हॉइसचे, असे इंग्रजीच्या बाई दुपारी सांगतात. आणि दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी असूनही, एकच गोष्ट एका भाषेत कर्मणी आणि दुसरीत कर्तरी कशी झाली, हा कोणत्याही चौकस मुलाच्या मनात उभा राहावा असा प्रश्न दोन तासांच्या मधल्या सुटीत नाहीसा होतो. इनडायरेक्ट स्पीचचे तसेच. 'तो म्हणाला, की मी उद्या येईन' असे मराठीत म्हणताना बोलणाऱ्याचा 'मी', त्याचा भविष्यकाळ आणि त्याचा 'उद्या' हे सारे जसेच्या तसे राहते. इंग्रजीत मात्र 'मी'चा 'तो' होतो, 'विल'चे 'वुड' होते आणि 'उद्या'चा 'दुसरा दिवस' होतो. हा भेद एकदा समोरासमोर मांडून दाखविला, म्हणजे नियमांची जी लांबलचक यादी विद्यार्थी घोकतो तिच्यामागील हेतू त्याला क्षणात उमगतो. जी भाषा 'मला पुस्तक आवडते' असे म्हणून आवडणारी वस्तू कर्ता करते, आणि जीत 'अ' आणि 'द' या उपपदांना जागाच नाही, ती बोलणारे मूल इंग्रजीत कोणत्या ठिकाणी अडखळेल हे आधीच सांगता येते. परंतु ती ठिकाणे नेमकी दाखविणारे पुस्तक त्याच्या हाती आपण देत नाही. नेसफील्डचे व्याकरण घ्या किंवा १९३० च्या दशकात मुंबईत निघून आजतागायत खपणारे रेन आणि मार्टिन यांचे घ्या. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते, पुढे 'बो जेस्ट' या कादंबरीमुळे त्यांचे नाव जगभर झाले, आणि त्यांच्या व्याकरणग्रंथाची योग्यता नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या ग्रंथासमोर बसलेला विद्यार्थी मराठी बोलणारा आहे याची दखल त्यात कोठेही नाही, आणि ती तशी असावी अशी अपेक्षाही करता येत नाही.

ती दखल आपल्याच माणसांनी एकेकाळी घेतली होती. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण सिद्ध केले. पुढे तर्खडकरांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या भाषांतर पाठमालेच्या तीन भागांवर महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांचे इंग्रजी पोसले गेले. १८८० साली पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि त्यानंतर थोड्याच काळात गोपाळ गणेश आगरकर तेथे शिकवू लागले. त्यांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले आणि काही वर्षांतच 'वाक्यमीमांसा' लिहून इंग्रजी पद्धतीचे वाक्यपृथक्करण मराठीस लागू करून दाखविले. नाटकाचे भाषांतर आणि वाक्याची चिकित्सा ही दोन्ही कामे एकाच शिक्षकाच्या हातून व्हावी, यात योगायोग फारसा नाही. कारण शेक्सपिअरचे एक दीर्घ वाक्य मराठीत आणू पाहणाऱ्या मनुष्याला प्रधान वाक्य कोणते, गौण कोणते, आणि कोणत्या विशेषणाचा भार कोणत्या नामावर आहे, याचा निकाल लावल्यावाचून पुढे एक पाऊलही टाकता येत नाही. साहित्य, व्याकरण आणि लेखन त्याच्या मेजावर एकत्र येतात, ते असे.

जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा मात्र येथे इरादा नाही. तिची पुष्कळशी वाक्ये निर्जीव होती, तिच्यातील पाठांतर असह्य होते, आणि त्या वर्गात बसणारी मुले समाजाच्या थोड्या थरांतली होती. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजी विद्येचा गौरव केला आणि जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या शिक्षणाची कैफियत मांडली, ती ज्यांच्यासाठी, त्यांच्या मुलामुलींना तर्खडकरांच्या पाठमालेचे दर्शन फार उशिरा घडले. तेव्हा जे बहाल करावयाचे ते जुने पुस्तक नव्हे, तर त्याच्या मुळाशी असलेला विचार. आणि तो आज शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी.

या विचाराला मज्जाव कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. नवी भाषा केवळ त्या भाषेतूनच शिकवावी, हा डायरेक्ट मेथडचा दंडक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत रूढ झाला. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे काढलेली शाळा ही त्याची ख्यातनाम पेढी. तेथे एकाच वर्गात नाना देशांचे लोक बसत, आणि शिकविणाऱ्याला त्यांच्या भाषा येतच असतील असे नव्हते; तेव्हा मातृभाषेचा आधार घेऊ नये हा नियम तेथे सोयीतूनच जन्मास आला म्हणावयाचा. स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडे स्ट्रक्चरल पद्धत आली, मागाहून संभाषणावर भर देणारी पद्धत आली, आणि प्रत्येकीसोबत हा नियम जणू वारसाहक्काने आला. परंतु सांगोल्याच्या किंवा साताऱ्याच्या शाळेत शिक्षक मराठी, विद्यार्थी मराठी आणि फळ्यावरील धड्याचा अर्थ अखेरीस सांगितला जातो तोही मराठीतच! मराठी त्या वर्गातून कधी गेलीच नाही. ती चोरवाटेने येते, घाईने येते, आणि धड्याचा ढोबळ सारांश सांगून निघून जाते. तिला पुढच्या दाराने आणून, बसावयास जागा देऊन, तिच्याकडून नीट काम करून घ्यावे, एवढेच मागणे आहे. भाषाशिक्षणाच्या शास्त्रातही वारे फिरले आहे; गाय कुक या इंग्रज अभ्यासकाने २०१० साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहून भाषांतराची ही बाजू विस्ताराने मांडली आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, भाषांतर करणारे मूल मराठीत विचार करते आणि तोच विचार इंग्रजीत उतरवते, त्यामुळे त्याचे इंग्रजी कृत्रिम होते. परंतु ज्या मुलाचे सारे जग मराठीत घडले आहे ते मराठीतच विचार करणार, आपण परवानगी द्या की न द्या. हा व्यवहार त्याच्या मनात अंधारात चालावा आणि त्यातून 'आय अॅम हॅविंग' धर्तीची वाक्ये निपजावी, की तो उजेडात, फळ्यावर, शिक्षकाच्या देखरेखीखाली चालावा, एवढाच प्रश्न आहे. दुसरा आक्षेप साठ मुलांच्या वह्या तपासण्याचा. तो मात्र खरा आहे, आणि निबंधाच्या बाबतीत त्याला उत्तर नाही. परंतु भाषांतरात मूळ उतारा सर्वांचा एकच असल्याने चुकाही पुष्कळशा सारख्याच होतात, चार विद्यार्थ्यांची वाक्ये फळ्यावर लिहून साऱ्या वर्गाकडून त्यांची छाननी करून घेता येते, आणि एकाच वाक्याची तीन बरोबर भाषांतरे असू शकतात हे मुलाला प्रत्यक्ष दिसते. बरोबर उत्तर एकच असते, ही गाईडांनी रुजविलेली समजूत मोडावयास याहून चांगला उपाय नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी हीच मुळी दुसरी भाषा. परंतु त्याचाही निष्कर्ष मराठीची हकालपट्टी हा नसून, त्या मुलाच्या बोलीलाही तुलनेत स्थान द्यावे, हाच आहे.

साहित्याच्या बाबतीत तर भाषांतराचा अभाव सर्वांत जास्त जाणवतो. कवितेचे रसग्रहण म्हणून शीर्षक, कवीचे नाव, यमकांची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना आणि कविता आवडण्याचे कारण, असा मुद्द्यांचा ठरीव तक्ता विद्यार्थी भरून देतो. कविता आवडल्याची कारणे हजारो उत्तरपत्रिकांत एकसारखी असतात, कारण ती गाईडाला आवडलेली असते. त्याच कवितेच्या चार ओळी मराठीत आणण्यास सांगितले, तर मुलाला प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते, आणि थांबणे हेच रसग्रहणाचे पहिले लक्षण होय. या दृष्टीने आपल्याइतका समृद्ध साठा फार थोड्या भाषांपाशी असेल. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी 'राजा लिअर' मराठीत आणला; जी. ए. कुलकर्णी धारवाडास इंग्रजी शिकवीत आणि त्यांनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. भालचंद्र नेमाडेही इंग्रजीचेच प्राध्यापक. उलट दिशेने पाहावे, तर दिलीप चित्र्यांनी 'सेज तुका'मधून तुकोबांचे अभंग इंग्रजी वाचकांपर्यंत नेले, आणि दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या अरुण कोलटकरांनी जेजुरीवर इंग्रजीत कविता लिहिल्या, त्यांच्या संग्रहास १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. ज्या मुलाने खंडोबाचा भंडारा पाहिला आहे, त्याला 'जेजुरी'तील एक कविता देऊन ही मराठीत आण असे सांगितले, तर इंग्रजी ही परक्यांच्याच अनुभवाची भाषा नाही, हे त्याला व्याख्यानावाचून कळेल.

परीक्षा मंडळाला या गोष्टीची अजिबात जाणीव नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठी माध्यमाच्या दहावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत भाषांतराचा एक प्रश्न आहेच. परंतु ८० गुणांपैकी त्याच्या वाट्यास जेमतेम ५ गुण आले असून, त्यातही सुटे शब्द, सुटी वाक्ये आणि एखादी म्हण यांचेच भाषांतर, तेही इंग्रजीतून मराठीत, एवढ्यावर त्याची मर्यादा आहे. सुट्या शब्दाचे भाषांतर ही शब्दकोशाची परीक्षा होय. विद्यार्थ्याची परीक्षा परिच्छेदाने होते, कारण परिच्छेदातच काळ सांभाळावा लागतो, सर्वनाम कोणाचे ते ठरवावे लागते, आणि एका वाक्यास दुसऱ्याशी जोडावे लागते.

म्हणून तजवीज साधी आहे. सहावीपासून आठवड्यातून एक तास भाषांतराचा ठेवावा, आणि तो इंग्रजी व मराठी या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून आखावा. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत सुट्या शब्दांऐवजी आठ-दहा ओळींचे दोन उतारे, एक इंग्रजीतून मराठीत आणि एक मराठीतून इंग्रजीत, द्यावे, आणि त्यांचे गुण रूपांतराच्या प्रश्नांतून काढून घ्यावे. आणि इंग्रजी माध्यमाच्या ज्या शाळांत २०२० च्या कायद्यान्वये मराठी सक्तीची झाली आहे, त्यांनीही हाच तास भरवावा, कारण तेथील मराठी घरांतल्या मुलांची अडचण उलट्या दिशेने तीच आहे. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही, परदेशी तज्ज्ञही लागत नाही. लागते ते एवढेच की, ज्या शिक्षकाला मुलांची भाषा येते, त्याने ती येत असल्याची लाज न बाळगता तिचा उपयोग करावा, आणि शिक्षणखात्याने त्याला तसे करण्याचा लेखी अधिकार द्यावा.