सहीपुरती माहेरवाशीण

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कुठे गेला होतात? सुट्टी संपली की आमच्या शाळेत पहिल्या दिवशी हाच विषय असतो. कुणी गोव्याला जाऊन आलेली, कुणी महाबळेश्वरला. मी म्हटलं, "आम्ही लोणारला गेलो होतो." त्यावर एकजण हसून म्हणाली, "इश्श, लोणार तर आपल्याच जिल्ह्यात!"

खरं आहे. बुलढाण्याहून चिखली, चिखलीहून मेहकर आणि पुढे लोणार. फार तर अडीच-तीन तास. पण तेवढा रस्ता ओलांडायला मला अकरा वर्षं लागली.

लोणारला माझी आत्या राहते. माझ्या वडिलांची एकुलती एक बहीण. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वडिलांबरोबर तिचंही नाव लागलं. मग घरात ठरलं, की आत्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. घरात शिकलेली मीच, म्हणून वडिलांबरोबर कचेरीत मी गेले होते. आत्या एसटीने आली. कागद तयारच होता. "इथे सही कर आत्या, आणि इथे," असं म्हणून मी बोट ठेवत गेले आणि ती सह्या करत गेली. कागद तिला वाचून दाखवावा, हे बी.ए. झालेल्या भाचीला सुचलं नाही. बाहेरच्या हॉटेलात चहा झाला. शेवटची गाडी चुकेल म्हणून वडिलांनी घाईघाईने तिला बसस्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. "घरी चल" म्हणायचं राहिलं. ओटी नाही, लुगडं नाही, घासभर जेवण नाही.

त्यानंतर आत्या माहेरी आली ती वडील गेल्यावर. अंगणात बसली, रडली आणि पाणीसुद्धा न घेता परत गेली. त्याला आता दीड वर्ष झालं.

यंदा दिवाळीआधी भावाचा फोन आला. "ताई, भाऊबीजेला येशीलच, तेव्हा तुझ्याही सहीचं उरकून टाकू." तो अगदी सहज बोलला, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण फोन ठेवला आणि मला आत्या आठवली. रात्री ह्यांना म्हटलं, "भाऊबीजेला देऊळगावराजाला जायचंच आहे, तर लोणारवरून वळसा घेऊन जाऊ या का?" हे म्हणाले, "वळसा मोठा आहे. पण तुझ्या चेहऱ्यावरून जायलाच हवं असं दिसतंय." आई तेव्हा आमच्याकडेच होती. तिने काही न बोलता ट्रंकेतून एक नवं कोरं लुगडं काढलं आणि पिशवीत घातलं.

पाडव्याला सकाळी निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तूर फुलावर आलेली. चिखलीला कॉलेजातली मैत्रीण राहते, तिच्याकडे दहा मिनिटं म्हणून थांबलो आणि तासभर बसलो. तिच्या सासूबाई सहा महिने अंथरुणावर होत्या आणि मला पत्ताच नव्हता! फोनवर आम्ही एकमेकींना रोज फुलांची चित्रं पाठवत होतो. सुखदुःख मात्र कुणीच पाठवलं नव्हतं. मेहकरला शारंगधर बालाजीचं दर्शन घेतलं. काळ्या पाषाणातली ती भव्य मूर्ती बघून मुलं गप्पच झाली.

लोणारला पोचलो तेव्हा आत्या ओट्यावर तूर निवडत बसली होती. आधी तिने ओळखलंच नाही. मग उठून म्हणाली, "आली का वं माय!" आणि आईकडे बघून तिचे हात थांबले. दोघी नणंद-भावजया नुसत्या बघत राहिल्या. शेवटी आईच पुढे झाली.

जेवणाला पातोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी होती. जेवणं झाल्यावर मी धीर करून विषय काढला. "आत्या, त्या दिवशी कागद मी तुला वाचून दाखवला नाही. माझं चुकलं."

आत्या म्हणाली, "कागदाचं काय घेऊन बसली माय? वावर मले कुठं पाह्यजे होतं! मी तं सही करायलेच आली होती. पर पिशवीत एक पातळ घालून आली होती, एक रात माहेरी राहीन म्हून. ते पातळ घडीचं घडी माघारी नेलं."

आई एकदम रडायला लागली. "वन्सं, त्या दिवशी मी पुरण शिजवून वाट बघत होते! तुम्ही थांबायला तयार नव्हता, असं मला सांगितलं."

वडिलांनी एकीला गाडीची घाई सांगितली आणि दुसरीला बहिणीची. मन राखायला म्हणूनच बोलले असतील. आज ते नाहीत, त्यांना काय बोल लावायचा? पण मैत्रिणींनो, ती पिशवी त्या दिवशी माझ्या हातात होती. आत पातळ आहे हे मला दिसलं होतं. आणि मी गप्प बसले होते.

रात्री आईने आत्याची ओटी भरून लुगडं दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच मुलांना सरोवर दाखवायला घेऊन आली. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पाणी खारट. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. त्याच वर्षी ते रामसर पाणथळींच्या यादीत गेलं. गोमुखाच्या धारेचं गोड पाणी मुलांनी ओंजळीने प्यायलं. खाऱ्या सरोवराच्या काठाशी हे गोड पाणी कुठून येतं, असं धाकटीने विचारलं. आत्या म्हणाली, "आतून येते."

निघताना मी म्हटलं, "आत्या, आमच्याबरोबर माहेरी चल." ती म्हणाली, "तुह्या भावाचं बोलावणं येऊ दे. मंग येतो."

वाटेत सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा पाहिला. १२ जानेवारी १५९८ चा जिजाऊंचा जन्म इथला. भोसले-जाधवांच्या वैराने माहेर दुरावल्याची त्यांची कथा आपण सगळ्याच ऐकत आलोय. पण आपल्या आत्यांना कशाने दुरावलो, हे कोण सांगणार?

संध्याकाळी भावाला ओवाळलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "सही करायची की नाही ते मी नंतर ठरवीन. आधी आत्याला घरी आण, आणि माझा कागद तिच्यासमोर मोठ्याने वाच." तो बराच वेळ गप्प होता. मग उठून बाहेर गेला आणि आत्याला फोन लावला. एकादशी झाली की येते, म्हणाली.

माझ्या सहीचं अजून ठरलेलं नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणींवर ही वेळ येते, म्हणून थोडं सांगते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वडिलांची वारस झाली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला. त्यासाठी दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. हक्क सोडायचा तर खुशीने सोडावा, पण कागद वाचून, समजून आणि घरी नेऊन विचार करूनच. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजी मागे घेता येत नाही. आणि हक्क मागितला म्हणून कुणी बहीण वाईट ठरत नाही.

आणि तुम्ही स्वतः वहिनी असाल, तर एवढं करा. कचेरीचं काम सकाळचं ठेवा. नणंदेला आदल्या दिवशीच घरी आणा. आणि तिच्या पिशवीत पातळ दिसलं, तर माझ्यासारख्या गप्प बसू नका.