हिरवा पाठवतच नाहीत

कार्तिकी एकादशीला साजगावची जत्रा भरते. खोपोलीशेजारची ही धाकटी पंढरी. पण सुक्या मासळीच्या बाजारामुळे इथला देव बोंबल्या विठोबा म्हणूनच ओळखला जातो. या जत्रेचं रंगीत प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचावर पाहिलं असतं, तर काय दिसलं असतं? हळद जवळजवळ पांढरी, हिरवा चुडा बऱ्यापैकी उजळ, कुंकू काळपट आणि पालांवरचं गडद निळं प्लास्टिक पार अंधारात.

हा ठरवून मांडलेला हिशेब आहे. रंगीत सिग्नलमध्ये उजेड मोजताना हिरव्याला शंभरात 59 गुण, तांबड्याला 30, निळ्याला जेमतेम 11. माणसाचा डोळाही साधारण याच मापाने दाद देतो. या बेरजेचा उजेड आधी जातो. मग सोबत दोनच वजाबाक्या: तांबड्यातून उजेड वजा, निळ्यातून उजेड वजा. हिरवा पाठवतच नाहीत. संच तो उरलेल्यांवरून काढतो. वर्गात पहिला आलेला पोरगा हजेरीपटावरच नाही, अशातली गत!

ही आडवाट कशासाठी? जुन्या संचासाठी. फ्रान्सच्या जॉर्ज व्हालेन्सी यांनी 1938 मध्येच ही युक्ती पेटंटात मांडली होती. आपल्याकडे दूरदर्शन 15 ऑगस्ट 1982 ला रंगीत झालं, त्याच कार्तिकात दिल्लीत एशियाड भरलं. पण म्हणून कुणाचा कृष्णधवल संच भंगारात गेला नाही. त्याला लागणारा उजेड पूर्वीसारखाच येत होता. नव्याने जुन्याशी जुळवून घ्यायचं, ही अट तेव्हाच्या इंजिनिअरांनी स्वतःवर घालून घेतली होती. आज चांगला चालता फोन ‘अपडेट मिळणार नाही’ म्हणून बाद होतो, तेव्हा ती अट आठवते.

ती फुकटात पाळता आली नाही, हेही खरं. रंगाला वेगळी जागा न देता उजेडाच्याच पट्ट्यात, 4.43 मेगाहर्ट्झपाशी बसवलं. त्यामुळे बारीक रेघांचा सदरा पडद्यावर आला की त्या रेघांनाच संच रंग समजे आणि सदऱ्यावर इंद्रधनुष्य वळवळे.

बारकावे डोळा उजेडात शोधतो, रंगात नाही. म्हणून रंगाला कमी जागा पुरते. जत्रेत मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओतही बहुधा उजेडाच्या चार ठिपक्यांत मिळून रंगाचा एकच नमुना असतो. बोंबलांच्या राशीवरची प्रत्येक काडी सुटी दिसते, ती उजेडामुळे.