चेहरा गोरा नको, स्पष्ट हवा!

आपल्या घरांतील जुने ग्रुप फोटो एकदा नीट पाहा. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे लख्ख दिसतात आणि त्यांवरचे चेहरे मात्र काळ्या ठिपक्यांसारखे. नाक-डोळे शोधावे लागतात. “आमचा रंगच असा, त्याला कॅमेरा तरी काय करणार?” असे म्हणून आपली माणसे विषय संपवतात. वाचकहो, आमचे म्हणणे असे की, दोष रंगाचा मुळीच नाही. दोष रोलच्या व लेन्सच्या निवडीचा आणि उजेड मोजण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो दूर करता येतो.

अलीकडे तरुण मुले-मुली पुन्हा रोलच्या कॅमेऱ्याकडे वळली आहेत. कुणी मामांचा जुना झेनिट कपाटातून काढतो, कुणी पेन्टॅक्स के-१००० सेकंडहँड घेतो. हौस चांगली आहे, पण ती महागही आहे. एकेकाळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा देशी रोल मिळत असे. तो कारखाना आता बंद पडला आहे. परदेशी रोलच्या ३६ फोटोंतला एकेक फोटो विचार करूनच काढावा लागतो.

आधी रोलचे पाहू. रोलच्या डबीवर १००, १२५, ४०० असा आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितक्या कमी उजेडात तो रोल चालतो, मात्र त्याचे कण थोडे जाड दिसतात. घरात, विहारात, मांडवात फोटो काढायचे असतील तर ४०० चाच रोल घ्यावा. इलफर्डचा एचपी-५ प्लस किंवा कोडॅकचा ट्राय-एक्स, दोन्ही भरवशाचे आहेत. १२५ चा एफपी-४ प्लस उत्तम खरा, पण तो अंगणातल्या, गच्चीवरच्या उजेडासाठी. ज्यांच्या गावात फक्त रंगीत रोल धुणारी लॅब आहे, त्यांनी इलफर्डचा एक्सपी-२ सुपर घ्यावा. तो कृष्णधवल असूनही रंगीत रोलच्या रसायनात धुता येतो.

एका रोलपासून मात्र सावध राहा. ज्यावर ‘ऑर्थो’ असे लिहिलेले असते, त्या रोलला तांबडा रंग दिसत नाही. सावळ्या, गव्हाळ कातडीत तांबूस छटा असते. ती न दिसल्याने चेहरा आहे त्याहून काळा उमटतो. फार जुन्या काळी बहुतेक प्लेटा आणि फिल्म अशाच असत. त्या काळच्या फोटोंत माणसे अधिक काळवंडलेली दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. वर सांगितलेल्या रोलना सर्व रंग दिसतात.

आता लेन्स. दुकानदार लांबलचक झूम लेन्स पुढे करील. तिला भुलू नका. साध्या झूमचे तोंड बहुधा ३.५ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची साधी लेन्स १.८ किंवा २ पर्यंत उघडते. १.८ ची लेन्स ३.५ च्या मानाने जवळजवळ चौपट उजेड आत घेते. ट्यूबलाइटच्या खोलीत फोटो हलणार की नाही, हे याच फरकावर ठरते. झेनिटवर येणारी ५८ मिलिमीटरची हेलिओस लेन्सही २ पर्यंत उघडते, म्हणजे ती पुरेशी आहे.

खोली लहान असेल तर ३५ मिलिमीटरची लेन्स सोयीची. आठ फूट अंतरावरून ५० च्या लेन्सला जेमतेम पावणेसहा फूट रुंदी दिसते, ३५ च्या लेन्सला आठ फुटांहून थोडी अधिक. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सारे कुटुंब बसवायचे तर हा फरक मोठा आहे. मात्र ३५ ने एकट्या माणसाचा चेहरा अगदी जवळून टिपू नये, नाक मोठे दिसते. तशा फोटोला ५० किंवा ८५ ची लेन्स बरी.

सेकंडहँड लेन्स घेताना तिच्यातून बॅटरीचा झोत टाकून पाहावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी आणि लेन्स परत करावी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा रोग फार. चांगली लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. कॅमेऱ्यातील मीटरला माणूस कळत नाही. समोर जे आहे ते मध्यम करड्या रंगाचे, असे धरून तो चालतो. बुद्धपौर्णिमेला सारी मंडळी पांढऱ्या वस्त्रांत उभी असतात. तेवढा पांढरा रंग पाहून मीटर म्हणतो, उजेड फार झाला, कमी करा. आपण कमी करतो. पांढरे कपडे करडे होतात आणि चेहऱ्यांना हवा त्याच्या चौथा हिस्सा उजेड मिळतो. रोलवर जे उमटलेच नाही, ते पुढे कोणत्याही लॅबला काढता येत नाही.

उपाय सोपा आहे. कॅमेरा घेऊन चेहऱ्याजवळ जा. चौकटीत फक्त चेहरा येऊ द्या, तिथे मीटर जुळवा आणि आकडे न बदलता मागे येऊन फोटो काढा. जवळ जाता येत नसेल, तर त्याच उजेडात आपल्या तळहातावरून मोजा आणि लेन्स एक घर अधिक उघडा. कृष्णधवल रोलला थोडा जास्त उजेड सोसतो, कमी मात्र सोसत नाही. म्हणूनच बाहेर भरपूर उजेड असेल तेव्हा ४०० चा रोल कॅमेऱ्यावर २०० ला लावला तरी हरकत नाही. माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवू नका, तोंड करून बसवा.

पूर्वी स्टुडिओत पावडर लावून बसवत, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करत. आज हेच काम मोबाइल आपोआप करतो. आपल्याला तसे उसने गोरेपण नको. कपाळावरच्या रेषा, गोंदण, उन्हाने रापलेले गाल जसे आहेत तसे दिसावेत, एवढेच हवे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे कृष्णधवल फोटोंतूनच लोकांपुढे मांडले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कामगारांचे चेहरे नीट दिसलेच नसते, तर त्यांचे दुःख तरी कुणाला दिसले असते?

आपल्यापैकी कितीतरी घरांत पणजोबांचा एकही फोटो नाही. ती उणीव आता भरून निघणार नाही. पण आजी-आजोबा आज समोर आहेत. पहिला रोल त्यांच्यावरच खर्च करा. निगेटिव्ह कागदी पाकिटात कोरड्या जागी जपा आणि प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव व वर्ष लिहून ठेवा. पुढच्या पिढीला चेहऱ्याबरोबर नावही कळले पाहिजे.